तापमान वाढवले की रासायनिक समतोल एका बाजूला का सरकतो?

काचनळी यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. रासायनिक समतोल (पुढची आणि मागची अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू असण्याची स्थिती) या प्रकरणातील एका मुद्द्यावर वर्गातील स्पष्टीकरणाने माझे समाधान झाले नाही, म्हणून येथे सविस्तर विचारतो.

आम्हाला प्रयोगशाळेत नायट्रोजन डायऑक्साइडने भरलेली, दोन्ही टोके वितळवून बंद केलेली काचेची नळी दाखवली होती. ती बर्फाच्या पाण्यात धरली की आतला तपकिरी रंग फिकट होत जातो आणि गरम पाण्यात धरली की गडद होतो. नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू जोडले जाऊन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा एक रंगहीन रेणू तयार होतो, त्या जोडणीत उष्णता बाहेर पडते, आणि उलट दिशेने तो रेणू तुटताना उष्णता शोषली जाते, इथपर्यंत मला समजले आहे.

पुढचे कारण मात्र असे सांगितले गेले की, समतोलातील मिश्रणाला उष्णता दिली की ल शातेलिए यांच्या तत्त्वानुसार समतोल त्या बदलाला विरोध करणाऱ्या, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या दिशेला सरकतो. हे वाचून उत्तरपत्रिकेत लिहिता येते, परंतु रेणूंच्या पातळीवर काय घडते ते त्यातून कळत नाही. अभिक्रियांच्या वेगाच्या प्रकरणात आम्ही शिकलो आहोत की तापमान वाढले की प्रत्येक अभिक्रियेचा वेग वाढतो. पुढे जाणारी आणि मागे येणारी अशा दोन्ही अभिक्रियांचा वेग वाढत असेल, तर समतोल होता तिथेच राहायला हवा. उत्प्रेरक घातल्यावर तो तसा राहतोही. मग तापमान आणि उत्प्रेरक यांत हा फरक कशामुळे पडतो?

याच्याशीच जोडलेली दुसरी शंका अशी की, अमोनिया तयार होण्याची अभिक्रिया उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) आहे, त्यामुळे तिला थंड तापमान अनुकूल असायला हवे. तरीही कारखान्यांत ती ४०० ते ५०० अंश सेल्सियसला चालवतात. असे का?


अध्यापक_रसायन:

प्रश्न नीट मांडला आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याच नळीत आहे, म्हणून तेच उदाहरण शेवटपर्यंत नेतो.

तापमान वाढले की दोन्ही दिशांचे वेग वाढतात हे खरे, पण ते सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. वेग किती पटीने वाढेल हे त्या दिशेच्या सक्रियण ऊर्जेवर, म्हणजे अभिक्रिया घडण्यासाठी रेणूंना ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या अडथळ्यावर, अवलंबून असते. ही ऊर्जा जितकी जास्त, तितका तो वेग तापमानाला अधिक संवेदनशील. पुढच्या आणि मागच्या दिशेच्या सक्रियण ऊर्जांमधला फरक हीच त्या अभिक्रियेची उष्णता असते, त्यामुळे उष्माग्राही (उष्णता शोषणाऱ्या) दिशेची सक्रियण ऊर्जा नेहमीच दुसरीपेक्षा मोठी असते. टेट्रॉक्साइडचा रेणू तोडायला नायट्रोजन-नायट्रोजन बंध ताणून तोडावा लागतो आणि त्याला मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल लागतात. नायट्रोजन डायऑक्साइडच्या रेणूवर मात्र एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, त्यामुळे असे दोन रेणू भेटले की त्यांच्या जुळण्याला जवळजवळ काहीच अडथळा नसतो. म्हणून नळी गरम पाण्यात बुडवली की रेणू तुटण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो, तर जुळण्याचा वेग फारसा वाढत नाही. तुटलेल्या रेणूंची संख्या त्यामुळे वाढत जाते; रेणू जितके अधिक, तितक्या त्यांच्या भेटी अधिक, आणि अखेरीस जुळण्याचा वेग पुन्हा तुटण्याच्या वेगाइतका होतो. हा नवा समतोल, आणि त्यात तपकिरी वायू जास्त.

उत्प्रेरकाचे वेगळे आहे. तो दोन्ही दिशांचा अडथळा सारख्याच ऊर्जेने खाली आणतो, त्यामुळे दोन्ही वेग सारख्या पटीने वाढतात आणि त्यांच्या वेग-स्थिरांकांचे गुणोत्तर, म्हणजेच समतोल स्थिरांक (तो जितका मोठा, तितके उत्पादित जास्त), तसेच राहते. दाब किंवा सांद्रता बदलली तरी मिश्रणातील घटकांचे प्रमाण बदलते, पण तो स्थिरांक ढळत नाही. नेहमीच्या परिस्थितीत खुद्द स्थिरांक बदलण्याचे काम फक्त तापमान करते. समतोल सरकवणाऱ्या घटकांची यादी पाठ करताना तापमान, दाब आणि सांद्रता एकाच ओळीत मांडली जातात, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांचा निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

आता वेग बाजूला ठेवून उष्मागतिकीच्या बाजूने पाहू, कारण वेगाचा युक्तिवाद समतोल कसा सरकतो हे दाखवतो आणि एन्ट्रॉपीचा (ऊर्जा आणि रेणू किती विखुरले आहेत या मापाचा) युक्तिवाद तो कुठे थांबेल हे आकड्यांत सांगतो. टेट्रॉक्साइडचा एक मोल तुटून दोन मोल वायू झाला की वायूंची स्वतःची एन्ट्रॉपी केल्विनमागे सुमारे १७६ ज्यूलने वाढते. त्यासाठी लागणारे ५७,२०० ज्यूल सभोवतालातून येतात, त्यामुळे सभोवतालाची एन्ट्रॉपी घटते, आणि ही घट म्हणजे ५७,२०० भागिले निरपेक्ष तापमान. २५ अंश सेल्सियसला, म्हणजे २९८ केल्विनला, ती १९२ येते. १७६ मधून १९२ वजा जाता उरतात उणे १६. हा एकूण बदल जितका मोठा, तितका स्थिरांक मोठा; यावरून समतोल स्थिरांक सुमारे ०.१५ मिळतो. १०० अंशांना तीच उष्णता ३७३ ने भागायची, म्हणून घट केवळ १५३ होते आणि बेरीज अधिक २३ येते. स्थिरांक सुमारे १५. म्हणजे ७५ अंशांच्या फरकात स्थिरांक शंभरपट झाला. एक वातावरण दाबाला २५ अंशांवर जवळपास १९ टक्के रेणू तुटलेले असतात आणि १०० अंशांवर जवळपास ९० टक्के.

या हिशेबात उष्णता तेवढीच आहे आणि वायूंची एन्ट्रॉपीही जवळजवळ तेवढीच आहे. बदलली ती फक्त त्या उष्णतेची सभोवतालाला पडणारी किंमत. उष्ण सभोवतालातून तेवढीच उष्णता काढून घेतली तर त्याची एन्ट्रॉपी कमी घटते, म्हणून उष्माग्राही दिशेला असलेली आडकाठी तापमानाबरोबर सैल होत जाते. उष्मादायी दिशेला सभोवतालाच्या एन्ट्रॉपीत होणाऱ्या वाढीचा जो आधार असतो, तोही याच कारणाने उच्च तापमानाला दुबळा होतो. व्हॅन्ट हॉफ यांनी १८८४ साली स्थिरांक आणि तापमान यांचा जो संबंध मांडला, त्याचा आशय हाच आहे. ल शातेलिए यांनी आपले तत्त्व त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

एक सूचना. ही नळी १५० अंशांच्या बरीच वर तापवली तर रंग पुन्हा फिकट होऊ लागतो, कारण नायट्रोजन डायऑक्साइड स्वतःच नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत तुटू लागतो, आणि ते दोन्ही वायू रंगहीन आहेत. तोही समतोलच आहे आणि तीही उष्माग्राही दिशाच आहे. मात्र हा वायू अत्यंत विषारी आहे आणि बंद नळीत तापमानाबरोबर दाबही वाढतो, त्यामुळे ते करून पाहू नये. गरम पाण्यापर्यंतचा प्रयोग पुरेसा आहे.


काचनळी:

मनःपूर्वक आभार. सक्रियण ऊर्जांचा फरक म्हणजेच अभिक्रियेची उष्णता, हे वाक्य आलेखात पाहिले होते, पण त्याचा समतोलाशी असलेला संबंध आज लक्षात आला. अमोनियाचे आकडे याच पद्धतीने मांडून पाहिले. २५ अंशांना स्थिरांक सुमारे ६ लाख येतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला समतोल जवळजवळ पूर्णपणे अमोनियाच्या बाजूला आहे, आणि १९० अंशांच्या आसपास तो एकवर येतो. मग ४५० अंशांना कारखाना चालवणे म्हणजे स्वतःहून उत्पादन घालवणे नाही का?


संयंत्र_अभियंता:

मी खत आणि आम्ल उद्योगात काम केले आहे, म्हणून या भागाचे उत्तर देतो.

तुमचा हिशेब ढोबळ मानाने बरोबर आहे. अभिक्रियेची उष्णता स्वतःही तापमानाबरोबर थोडी बदलते, त्यामुळे ४००-५०० अंशांना प्रत्यक्षातला स्थिरांक तुमच्या आकड्यापेक्षाही खाली असतो. अडचण वेगाची आहे. खोलीच्या तापमानाला नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र ठेवले तर समतोल कितीही अनुकूल असला तरी तिथपर्यंत पोहोचायला लागणारा काळ व्यवहारात अनंतच आहे, कारण नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध अतिशय मजबूत आहे. तो बंध लोहाच्या उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर सैल होतो आणि हे काम उपयोगी वेगाने होण्यासाठी साधारण ४०० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. म्हणजे किती अमोनिया मिळू शकतो हे समतोल ठरवतो आणि तो केव्हा मिळेल हे वेग ठरवतो, आणि या अभिक्रियेत तापमान या दोघांना विरुद्ध दिशांना ओढते.

१०० वातावरण दाबाला समतोलातील अमोनियाचे प्रमाण ३०० अंशांना सुमारे ५२ टक्के, ४०० अंशांना सुमारे २५ टक्के आणि ५०० अंशांना सुमारे १० टक्के असते. या उतरंडीकडे पाहिले की फ्रिट्झ हाबर यांच्यापुढची अडचण दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी सामान्य दाबाखाली १००० अंशांना मोजमाप केले तेव्हा अमोनियाचे प्रमाण एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास आले. तापमान खाली आणायचे तर चांगला उत्प्रेरक हवा, आणि तरीही जी घट राहील ती दाबाने भरून काढायची, हा मार्ग त्यांनी धरला. १९०९ मध्ये कार्ल्सरूह येथे त्यांनी ऑस्मियम वापरून उच्च दाबाखाली द्रवरूप अमोनिया थेंबाथेंबाने मिळवून दाखवला. ऑस्मियम फार दुर्मीळ असल्यामुळे आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणे तपासून लोहावर आधारित उत्प्रेरक शोधला, कार्ल बॉश यांनी तो दाब सोसणारी भांडी उभी केली, आणि १९१३ मध्ये ओपाउ येथे कारखाना सुरू झाला. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या प्रकल्पात युरियासाठी लागणारा अमोनिया आजही मुळात याच अभिक्रियेने तयार होतो.

उत्पादन घालवण्याबाबत सांगायचे तर, एका फेरीत न बदललेला वायू वाया जात नाही. कन्व्हर्टरमधून (अभिक्रिया जिथे घडते त्या भांड्यातून) बाहेर आलेले मिश्रण थंड करून अमोनिया द्रवरूपात वेगळा काढतात आणि उरलेला नायट्रोजन व हायड्रोजन पुन्हा आत पाठवतात. प्रत्येक फेरीत थोडाच वायू बदलला तरी चालतो, कारण अखेरीस जवळजवळ सगळा बदलतो.

तापमानाचा हा खेळ याहून स्पष्ट पाहायचा असेल तर गंधकाम्लाच्या कारखान्यातला कन्व्हर्टर पाहावा. तो मला नेहमीच अधिक शिकवणारा वाटतो. तिथे सल्फर डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांपासून सल्फर ट्रायऑक्साइड तयार होतो आणि ट्रायऑक्साइडच्या मोलमागे सुमारे ९९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. व्हॅनेडियमचा उत्प्रेरक सुमारे ४०० अंशांच्या खाली नीट काम करत नाही, म्हणून वायू ४२० अंशांच्या आसपास त्याच्या पहिल्या थरात शिरतो. अभिक्रिया होते, तिचीच उष्णता वायूला तापवते, आणि वायू जसजसा तापतो तसतसा समतोल उलट बाजूला झुकत जातो. ६०० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत साधारण ६० ते ७० टक्के रूपांतर झालेले असते आणि तिथेच ते अडते. थर कितीही जाड केला तरी त्यापुढे काही होणार नाही, कारण त्या तापमानाचा समतोल गाठलेला असतो. म्हणून वायू बाहेर काढून हीट एक्स्चेंजरमध्ये किंवा बॉयलरमध्ये थंड करतात आणि दुसऱ्या थरात सोडतात. तिथे तो पुन्हा तापतो आणि आणखी वरच्या रूपांतरावर पुन्हा अडतो. मग पुन्हा थंड करून तिसरा थर. आधुनिक संयंत्रांत बहुधा तिसऱ्या थरानंतर तयार झालेला ट्रायऑक्साइड आम्लात शोषून घेऊन मिश्रणातून काढून टाकतात आणि उरलेला वायू चौथ्या थरात पाठवतात, त्यामुळे एकूण रूपांतर ९९.५ टक्क्यांच्या वर जाते. धुराड्यातून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड कमी ठेवणे हे या चौथ्या थराचे मोठे काम आहे.

नियंत्रण कक्षात नवीन आलेल्या अभियंत्याला पहिल्या थरानंतरचे रूपांतर कमी दिसले की प्रवेशाचे तापमान वाढवावेसे वाटते. उत्प्रेरक पेट घेत नसेल, म्हणजे थर अजून सुरूच झाला नसेल, तर ते योग्य आहे. थर समतोलाशी पोहोचून अडला असेल तर मात्र तापमान वाढवल्याने रूपांतर आणखी घटते. दोन्ही वेळा पडद्यावरचे लक्षण एकच असते. थराच्या आतली तापमाने पाहिली तरच उलगडा होतो: तापमान संपूर्ण थरभर वाढतच असेल तर अडचण वेगाची आहे, आणि वरच्या काही भागातच वाढून पुढे सपाट झाले असेल तर समतोल गाठला गेला आहे.


समतोल_वाचक:

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. त्यांत एका मर्यादेची भर घालतो. समतोल बदलाला विरोध करतो ही भाषा जपून वापरावी असे माझे आग्रहाचे मत आहे. नळी मोठ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की तिचे तापमान पाण्याइतके होते आणि तेवढेच राहते. रेणू तुटताना थोडी अधिक उष्णता शोषली गेली, एवढेच. त्यामुळे नळीचे तापमान खाली आलेले नाही. तरीही स्थिरांक बदलला आहे. त्यामुळे ते तत्त्व दिशा लक्षात ठेवण्यासाठी फार उपयोगी असले तरी त्याला कारण मानू नये.

समतोल किती सरकेल हेही ते तत्त्व सांगत नाही. किती सरकेल हे अभिक्रियेच्या उष्णतेवरून कळते. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल यांपासून एस्टर तयार होण्याची अभिक्रिया घ्या. तिची उष्णता जवळजवळ शून्य आहे आणि स्थिरांक सुमारे ४ आहे. दोन्ही पदार्थ समान मोल घेतले तर दोन तृतीयांश आम्लाचे एस्टर होते, मग मिश्रण गरम ठेवा की थंड. बर्थेलो आणि पेआँ द सँ-झिल यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून हे ज्ञात आहे. महाविद्यालयात ही अभिक्रिया तापवून घेतात ती केवळ लवकर व्हावी म्हणून. एस्टर जास्त हवे असेल तर पाणी काढून टाकावे लागते किंवा अल्कोहोल जास्त घ्यावे लागते. हायड्रोजन आणि आयोडीनच्या वाफेपासून हायड्रोजन आयोडाइड होताना थोडीशी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तिथे स्थिरांक तापमानाबरोबर घटतो खरा, पण अगदी सावकाश.


बफर_आणि_पिपेट:

मी जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते. हा विषय केवळ वायू आणि कारखान्यांपुरता आहे असे वाटू नये म्हणून आमच्या रोजच्या वापरातले एक उदाहरण देते.

पाण्याचे आयनांत विघटन होणे ही उष्माग्राही अभिक्रिया आहे. म्हणून शुद्ध पाण्याचा पीएच २५ अंशांना ७.० असतो, ३७ अंशांना सुमारे ६.८ आणि १०० अंशांना सुमारे ६.१. पाणी यामुळे आम्लधर्मी होत नाही, कारण हायड्रॉक्साइड आयनही तितकेच वाढलेले असतात. उदासीनतेचा बिंदूच खाली सरकलेला असतो.

याचा खरा त्रास ट्रिस या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रावणात) होतो. प्रोटॉन धारण केलेल्या ट्रिसने तो सोडताना मोलमागे सुमारे ४७ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणून तापमान एका अंशाने वाढले की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने घटतो. २५ अंशांना ८.० पीएच जुळवून तेच द्रावण शीतखोलीत ४ अंशांना नेले, तर त्याचा पीएच ८.६ च्या आसपास जातो, आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये नेले तर ७.७ च्या खाली येतो. विकरांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. फॉस्फेटच्या बफरमध्ये, त्याची नेहमी वापरली जाणारी, दुसरा प्रोटॉन सोडण्याची पायरी घेतली तर, विघटनाची उष्णता जेमतेम ४ किलोज्यूलच्या आसपास असल्यामुळे हाच बदल अंशामागे ०.००३ इतका अल्प असतो. समतोल_वाचक यांनी एस्टरबद्दल जे लिहिले, तेच येथे दोन बाटल्यांत शेजारी शेजारी ठेवलेले दिसते.

पीएच मीटरला तापमानाची आपोआप दुरुस्ती असते, मग चिंता कशाला, असे अनेक विद्यार्थी विचारतात. ती दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजचा तापमानाशी असलेला संबंध सांभाळते. द्रावणातला समतोल सरकला आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो. मीटर त्या तापमानाचा खरा पीएच दाखवतो, दुसऱ्या तापमानाला तो किती होईल हे सांगत नाही. त्यामुळे ट्रिसचे द्रावण ज्या तापमानाला वापरायचे असेल त्याच तापमानाला आणून मग त्याचा पीएच जुळवावा, आणि बाटलीवर पीएचबरोबर ते तापमानही लिहावे.